न्या. बदरुद्दीन तय्यबजी : कौमही आपली, देशही आपला

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्याच्या पलीकडे अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत दिसते. घुमट, कमानी, आणि दुपारी शाळा सुटली की फाटकातून धो धो बाहेर येणारी पोरं. आपल्यापैकी किती तरी जण रोज तिच्या समोरून लोकल पकडायला धावतात. कुणाचे अब्बा त्या शाळेत शिकले, कुणाची लेक अंजुमनच्या एखाद्या कॉलेजात जाते. पण ही संस्था उभी करणारी माणसं कोण होती, असं घरात विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर येणार नाही.

त्या माणसांतलं एक मोठं नाव म्हणजे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी. मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर, काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, मुंबई हायकोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती. एवढे तीन "पहिले" एकाच माणसाच्या नावावर आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ही माहिती दोन ओळींत संपते. आम्हाला मात्र त्यांची आठवण वेगळ्याच कारणासाठी काढायची आहे. मुसलमानाने आधी आपल्या समाजाचं बघावं की सगळ्यांच्या बरोबरीने देशाच्या कामात उतरावं, हा प्रश्न आजही आपल्या घरांत, चहाच्या टपरीवर, निवडणूक आली की हमखास निघतो. बदरुद्दीन यांच्यासमोर तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आला होता. आणि त्यांनी दोन्हीपैकी एकही सोडायला नकार दिला. त्याची किंमतही मोजली.

खंबायतचं घराणं, मुंबईचा व्यापार

तय्यबजी घराणं मूळचं गुजरातमधल्या खंबायतचं. सुलेमानी बोहरा समाजातलं. बदरुद्दीन यांचे वडील मुल्ला तय्यब अली भाईमियाँ हे मुंबईत व्यापारी होते. अगदी हलाखीतून वर आलेला हा माणूस. मेहनतीने धंदा वाढवला, परदेशाशी व्यापार केला, नाव कमावलं.

१० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत बदरुद्दीन यांचा जन्म झाला. त्या काळी आपल्याकडच्या व्यापारी घरांची रीत ठरलेली होती. मुलगा मदरशात जाईल, कुराण वाचायला शिकेल, थोडा हिशेब शिकेल आणि मिसरूड फुटायच्या आत दुकानाच्या गादीवर बसेल. इंग्रजी शिक्षण म्हणजे पोरगा हातातून गेला, दीनही गेला, अशी भीती. ही भीती अगदीच निराधार होती असंही नाही. राज्य परक्यांचं, शाळा मिशनऱ्यांच्या, आणि १८५७ नंतर तर मुसलमानांकडे संशयानेच बघितलं जायचं.

मुल्ला तय्यब अलींनी या भीतीवर आपला तोडगा काढला. दीनी तालीम घरात पक्की करायची आणि मग मुलाला जगात सोडायचं. बदरुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. पुढे वडिलांनी त्यांना विलायतेला धाडलं. एकट्या बदरुद्दीनला नव्हे, आपल्या सगळ्या मुलांना तय्यब अलींनी युरोपात पाठवलं. थोरले कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले, असे पहिले हिंदी सॉलिसिटर तेच. आज मुलाला बाहेरगावी कॉलेजला पाठवताना आईबापाचा जीव वरखाली होतो. त्या वेळी महिनोन्महिन्यांचा प्रवास, पत्र पोहोचायला आठवडे, आणि नातेवाइकांचे टोमणे. तरी पाठवलं. आम्हाला वाटतं, बदरुद्दीन यांच्या चरित्राची सुरुवात त्यांच्यापासून न करता या बापापासून करावी.

या घराण्याची अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या घरात वह्या ठेवलेल्या असत. त्यांना "अखबार" म्हणत. घरातल्या कुणीही त्यात लिहावं, कुठे सहल झाली, कोण पाहुणा आला, कोण आजारी पडलं, काय वाचलं. पुरुषांनी लिहावं, बायकांनी लिहावं, पोरांनीही. आधी घरची भाषा गुजराती होती, पुढे त्यांनी जाणूनबुजून उर्दू उचलली, म्हणजे इतर मुसलमानांशी नातं जोडलं जावं. ज्या घरात बायकामुलं रोजचं लिहितात त्या घरात शिक्षण वेगळं शिकवावं लागत नाही.

डोळ्यांचं दुखणं आणि बॅरिस्टरची पदवी

बदरुद्दीन यांच्या वाटेत मोठा अडथळा आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. लहानपणापासून डोळे अधू. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेण्यात आलं. १८६० साली ते लंडनला शाळेत दाखल झाले. तिथे मॅट्रिक झाले, १८६३ मध्ये लंडन विद्यापीठात आणि मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातलं. आणि नेमकी तेव्हाच नजर जास्त बिघडली. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परत यावं लागलं.

वीस वर्षांचा पोरगा, एवढा खर्च झालेला, पदवी नाही, डोळे धड नाहीत. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, झालं तेवढं पुरे, दुकान सांभाळ. बदरुद्दीन वर्षभर घरी थांबले आणि १८६५ च्या अखेरीस पुन्हा लंडनला गेले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात वकिलीला उभे राहिले. तोपर्यंत तिथे बॅरिस्टर म्हणून एकही हिंदी माणूस नव्हता. बॅरिस्टर गोरे, न्यायाधीश गोरे, बरेचसे सॉलिसिटरही गोरे. अशा ठिकाणी तेवीस वर्षांच्या एका बोहरा तरुणाला कोण खटला देणार? पण शांतपणे, मुद्द्याला धरून बोलणं आणि साक्षीदाराची उलटतपासणी नेमकी घेणं ही त्यांची हातोटी. काही वर्षांत बदरुद्दीन मुंबईतल्या नामांकित वकिलांत गणले जाऊ लागले.

तिघांची जोडी

पैसा मिळू लागला तसं बदरुद्दीन सार्वजनिक कामात उतरले. १८७३ साली ते मुंबई महापालिकेत गेले. १८७५ पासून पुढची तीस वर्षं ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८७९ मध्ये सरकारने मँचेस्टरच्या कापडावरची आयात जकात उठवायची ठरवली, तेव्हा तिच्या विरोधात ते बोलले. विलायतेचा गिरणीमालक खूश व्हावा म्हणून इथल्या गिरण्यांनी आणि तिजोरीने मार खायचा, हा काय न्याय, असा सरळ मुद्दा होता.

पण त्यांचं नाव खऱ्या अर्थाने गाजलं ते १८८३ मध्ये, इल्बर्ट बिलाच्या वेळी. हिंदी न्यायाधीशांना जिल्ह्याच्या ठिकाणी गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढंच ते बिल म्हणत होतं. त्यावर इंग्रजांनी देशभर आकांडतांडव केलं. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली. तिथे तीन तरुण वकील बोलले. एक पारशी, फिरोजशहा मेहता. एक मराठी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग. आणि तिसरे बदरुद्दीन तय्यबजी. मुंबईच्या राजकारणात या तिघांची जोडी तेव्हापासून जमली. १८८५ साली तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. मुंबईचे प्रश्न मांडायचे, सरकारला जाब विचारायचा, सगळ्या समाजांनी मिळून, असं तिचं काम. या मधल्या काळात, १८८२ पासून, बदरुद्दीन मुंबईच्या कायदेमंडळातही होते. तब्येतीने साथ दिली नाही म्हणून १८८६ मध्ये त्यांनी ती जागा सोडली.

अंजुमन : आधी शाळा

हे सगळं चालू असताना बदरुद्दीन यांचं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं. मुंबईतले मुसलमान गरीबच होते असं नाही. मेमन, खोजा, बोहरा व्यापारी होते, कोकणी मुसलमानांत जहाजांचे मालक होते. पण शाळेच्या हजेरीपटावर मुसलमान पोरं शोधावी लागत. विद्यापीठात तर बोटावर मोजण्याएवढी. सरकारी नोकरीत, वकिलीत, डॉक्टरीत आपली माणसं दिसणार कुठून?

१८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष कमरुद्दीन तय्यबजी, सचिव बदरुद्दीन. सोबत कोकणी मुसलमानांतले बडे सावकार नाखुदा मोहम्मद अली रोघे होते आणि शिक्षणासाठी वणवण करणारे मुन्शी गुलाम मोहम्मद होते. बघा, बोहरा आहेत, कोकणी आहेत, मुन्शी आहेत. जमाती वेगळ्या, मशिदी वेगळ्या, लग्नं आपापसांत होत नाहीत. पण शाळेसाठी एका सतरंजीवर बसले. आज एकेका मोहल्ल्यात तीन-तीन कमिट्या बघताना हे आठवतं.

शाळा सुरू व्हायला मात्र सहा वर्षं लागली. १८८० मध्ये बाबुला टँक भागात अंजुमनची पहिली शाळा उघडली. उर्दू, फारसी, दीनी तालीम आणि त्याबरोबर इंग्रजी व आधुनिक विषय. म्हणजे मुल्ला तय्यब अलींनी आपल्या मुलांसाठी घरात जो मार्ग काढला, तोच मुलाने सगळ्या समाजाच्या मुलांसाठी खुला केला. बदरुद्दीन सरकारदरबारी अनुदानासाठी झगडले, धनिकांच्या दारात गेले, जागा मिळवली. १८९० पासून ते अंजुमनचे अध्यक्ष होते. १८९३ मध्ये बोरीबंदर स्टेशनासमोरची ती दगडी इमारत उभी राहिली. शहरातल्या सगळ्यात मानाच्या जागी, सगळ्यांच्या नजरेसमोर. मुसलमानांच्या मुलांची शाळा कुठेतरी गल्लीबोळात असायला हवी असं त्यांना वाटलं नाही.

मद्रास, १८८७

आता त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड प्रसंगाकडे येऊ.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याला बदरुद्दीन आणि कमरुद्दीन हजर नव्हते. लगेच काही इंग्रजी पत्रांनी आवई उठवली की मुसलमान काँग्रेसपासून दूर राहिले. बदरुद्दीन यांना खुलासा करावा लागला की आपली गैरहजेरी हा बहिष्कार नव्हता. त्या अधिवेशनात मुसलमान प्रतिनिधी होते जेमतेम दोन. त्यांतले एक म्हणजे पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रहिमतुल्ला सयानी.

दोन वर्षांनी, डिसेंबर १८८७ मध्ये, मद्रासला तिसरं अधिवेशन झालं. सुमारे सहाशे प्रतिनिधी जमले आणि अध्यक्ष म्हणून बदरुद्दीन तय्यबजींची निवड झाली. अध्यक्षपदावरून त्यांनी जी भूमिका मांडली ती साधी होती. प्रत्येक समाजाचे आपले सामाजिक, शैक्षणिक, नैतिक प्रश्न असतात, ते त्या समाजाने आपल्या घरात सोडवावेत. पण कर, कायदे, नोकऱ्या, कायदेमंडळातली जागा, हे प्रश्न सगळ्या हिंदी लोकांचे आहेत. तिथे मुसलमानांनी इतरांच्या खांद्याला खांदा लावू नये असं कोणतंही कारण आपल्याला दिसत नाही.

त्याच डिसेंबरात, त्याच दिवसांत, लखनौमध्ये एक दुसरं भाषण झालं. बोलणारे होते सर सय्यद अहमद खान. अलिगढचे संस्थापक, मुसलमानांना आधुनिक शिक्षणाकडे वळवणारे सर्वांत मोठे नेते. त्यांनी मुसलमानांना सांगितलं की काँग्रेसपासून लांब राहा. त्यांचं म्हणणंही हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. हिंदुस्थानात एकच कौम नाही, निवडणुका आल्या की संख्येचं राज्य येईल, आणि शिक्षणात मागे पडलेला मुसलमान त्यात बुडेल. आधी शिका, मग राजकारण.

इथे आपण जरा थांबू. दोघेही शाळा काढणारे. दोघांनाही समाजाची कळकळ. दोघांचाही दीनावर विश्वास. तरी एकाच प्रश्नावर दोघांची दोन टोकं. आपल्याकडे आज असं झालं असतं तर एकाला दुसऱ्याने गद्दार ठरवलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांची इज्जत गेली असती. १८८८ च्या सुरुवातीला या दोघांत पत्रव्यवहार झाला. बदरुद्दीन यांनी कलकत्त्याचे सय्यद अमीर अली आणि नवाब अब्दुल लतीफ यांनाही पत्रं लिहिली. सूर अदबीचा, मुद्दा मात्र ठाम. काँग्रेसने मुसलमानांना नुकसान होईल असं काही आणलं तर ते आत बसून रोखता येईल, बाहेर राहून कसं रोखणार? एखाद्या ठरावाला आपला विरोध असेल तर तो ठराव अडवू या, सगळी सभाच का सोडायची? आणि काँग्रेस चालणारच आहे, मग ती आपल्याविना चालण्यापेक्षा आपल्यासह चाललेली बरी.

ते नुसतं बोलून थांबले नाहीत. काँग्रेसकडून त्यांनी एक नियम मिळवला. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तो मान्य झाला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमताने ज्या विषयाला विरोध असेल, तो विषय काँग्रेसमध्ये चर्चेला घ्यायचाच नाही. अल्पसंख्याकांच्या मनातली भीती भाषणाने जात नाही, तिच्यासाठी नियम लिहून द्यावा लागतो, हे या वकील माणसाला बरोबर कळलं होतं.

एक कडू पत्र

पण एवढं करूनही मुसलमानांतला विरोध कमी झाला नाही, उलट वाढला. उत्तरेत ठिकठिकाणी काँग्रेसविरोधी सभा झाल्या. मुंबईतही कुजबुज होती. बदरुद्दीन यांना आपल्याच लोकांकडून ऐकून घ्यावं लागत होतं.

ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी काँग्रेसचे सरचिटणीस अ‍ॅलन ह्यूम यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी वस्तुस्थिती लपवली नाही. चूक असो की बरोबर, बहुसंख्य मुसलमान काँग्रेसच्या विरोधात आहेत हे त्यांनी कबूल केलं. अशा वेळी ती सगळ्या देशाची सभा आहे असं म्हणता येत नाही. दोन्ही समाजांतली कटुता वाढते आहे. म्हणून अलाहाबादनंतर निदान पाच वर्षं काँग्रेस स्थगित ठेवावी, दरम्यान लोकांची मनं वळवावीत, असं त्यांनी सुचवलं.

जो माणूस वर्षभरापूर्वी या सभेच्या अध्यक्षपदी बसला होता, त्यानेच असं लिहावं, ही सोपी गोष्ट नाही. काँग्रेसच्या मंडळींना ते रुचलं नाही आणि सूचना मान्य झाली नाही. काहींच्या मते बदरुद्दीन कच खाल्ले. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या बाजूचं अपयश आपल्या मित्रांना तोंडावर सांगणं हे पक्षात राहून टाळ्या मिळवण्यापेक्षा कठीण असतं. पण हेही खरं की या प्रश्नाचं उत्तर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. दोन्ही बाजूंनी थोडं परकं होऊन राहावं लागलं. यापुढे त्यांनी जास्त वेळ अंजुमनला दिला. तरी काँग्रेसवरचा विश्वास त्यांनी कधी नाकारला नाही.

न्यायासनावर : टिळकांचा जामीन

जून १८९५ मध्ये बदरुद्दीन मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आणि दोनच वर्षांत त्यांच्यासमोर असा एक अर्ज आला, जो महाराष्ट्राने विसरू नये.

१८९७ साल. पुण्यात प्लेगने कहर केला होता. २२ जूनच्या रात्री प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. इंग्रज सरकार खवळलं होतं. 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाचा आरोप ठेवून लोकमान्य टिळकांना जुलैच्या अखेरीस मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तिथे न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही त्या टप्प्यावर जामीन दिला नाही. खटला सेशन्सकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला. तो आला न्या. बदरुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले.

त्या वेळचं वातावरण आठवा. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल होऊन गेली होती. त्यावर 'केसरी'ने जे लिहिलं, त्याने अनेक मुसलमानांची मनं दुखावली होती. सरकार तर टिळकांना बाहेर सोडायला तयारच नव्हतं. म्हणजे सरकारची मर्जी राखायची असती किंवा जुना राग काढायचा असता, तर अर्ज फेटाळणं सगळ्यात सोपं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं, आधी दोनदा नाकारलाच होता.

४ ऑगस्ट १८९७ रोजी न्या. तय्यबजींनी जामीन मंजूर केला. विचार कायद्याचा होता. खटला उभा राहायला अजून महिनाभर आहे. आरोपीला बचावाची तयारी करायला मोकळीक हवी. तो निर्दोष सुटला तर तोवर भोगलेला तुरुंग कोण भरून देणार? आणि हा माणूस पळून जाईल असं मानायला आधार काय?

पुढे सप्टेंबरमध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन असा कौल लागला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नियतीचा खेळ बघा, १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा न्यायासनावर तेच दिनशा दावर होते. कधीकाळी जामीन मागणाऱ्या दावरांनी या वेळी जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. बदरुद्दीन तेव्हा हयात नव्हते. पण राजद्रोहाच्या खटल्यांत जामिनाची चर्चा निघते तेव्हा १८९७ चा त्यांचा निर्णय वकील मंडळी आजही काढतात.

१९०२ साली त्यांनी मुंबईचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. ती जागा सांभाळणारे ते पहिले हिंदी.

लेकींचं शिक्षण

बदरुद्दीन आणि त्यांच्या पत्नी राहत-उन-नफ्स यांचा संसार मोठा, मुलाबाळांनी भरलेला. त्यांनी समाजाला जे सांगितलं ते आधी घरात केलं. १८७६ मध्ये त्यांनी आपल्या मुलींना मुंबईत शाळेत घातलं. ज्या काळात मुलग्यांना शाळेत घालायला लोक घाबरत, त्या काळात मुलींना. १९०४ मध्ये तर दोन मुलींना इंग्लंडमधल्या हेझलमिअर इथल्या निवासी शाळेत पाठवलं.

१९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचं अधिवेशन भरलं. ही सर सय्यद यांनी सुरू केलेली संस्था. सर सय्यद पाच वर्षांपूर्वी वारले होते. अध्यक्षस्थानी होते न्या. बदरुद्दीन तय्यबजी. मतभेद असलेल्या माणसाच्या संस्थेने त्यांना बोलावलं आणि तेही गेले, यातच दोन्हीकडचा मोठेपणा आला. तिथे ते मुलींच्या शिक्षणावर बोलले. पडद्याची प्रथा इस्लामने सांगितली त्यापेक्षा आपण किती तरी जास्त कडक करून ठेवली आहे आणि त्यात बायकांचं शिक्षण गुदमरतं, असं त्यांनी निर्भीडपणे मांडलं. आणि काँग्रेसबद्दलची आपली जुनी श्रद्धाही त्यांनी त्या मंचावर झाकून ठेवली नाही.

शेवट आणि नंतर

१९०६ मध्ये रजा घेऊन बदरुद्दीन लंडनला गेले होते. तिथेच १९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचं निधन झालं. वय एकसष्ट. ज्या शहरात अधू डोळ्यांनी कायदा शिकले, तिथेच डोळे मिटले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यानंतर दीड महिन्याने, १ ऑक्टोबरला, आगाखान यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोला भेटलं. डिसेंबरमध्ये ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. १९०९ मध्ये वेगळे मतदारसंघ आले. बदरुद्दीन यांनी ज्या वाटेवर माणसं आणायचा प्रयत्न केला, ती वाट पुढे अधिकच अरुंद होत गेली. ते असते तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही.

पण त्यांनी लावलेली झाडं वाढली. मुलगा फैज बदरुद्दीन तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मुस्लिम कायद्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ वकिलांच्या कपाटात अनेक वर्षं राहिला. पुतणे अब्बास तय्यबजी १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात पांढऱ्या दाढीसह गांधीजींच्या जागी उभे राहिले आणि तुरुंगात गेले. नातू बदरुद्दीन फैज तय्यबजी पुढे अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे सर सय्यद यांच्याच विद्यापीठाचे. पक्षीतज्ज्ञ सलीम अली याच गोतावळ्यात वाढले.

आणि अंजुमन. एका शाळेपासून सुरू झालेल्या या संस्थेच्या आज अनेक शाळा आहेत, कॉलेजं आहेत, तंत्रशिक्षण आहे, मुलींसाठी संस्था आहेत. पिढ्यान्पिढ्या शिकून बाहेर पडल्या.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन सीएसएमटीला उतरलात, तर गडबडीत निघून जाऊ नका. पाच मिनिटं त्या फाटकासमोर उभे राहा आणि त्यांना सांगा, की ही शाळा काढणाऱ्यांत एक माणूस असा होता, ज्याने समाजासाठी शाळा उभारली, देशाच्या सभेत अध्यक्ष झाला, आपल्यांशी आणि परक्यांशी अदबीने भांडला आणि न्यायासनावर बसल्यावर समोरचा माणूस कोण हे न बघता कायदा बघितला. बाकी मुलं समजून घेतील.